भ्यालेल्या शिपायाची मेट्रनबाई

आमच्या चर्चच्या भिंतीवरचं शंभर वर्षांचं युद्धस्मारक मी संडास धुवायच्या ॲसिडनं धुतलं.

हे वाक्य ज्यांच्या ज्यांच्यापुढे उच्चारायची पाळी आली, त्या सगळ्यांनी पुढचा प्रश्न एकच विचारला: तुम्ही नोकरीत काय करत होता? मी सरकारी बांधकाम खात्यात इंजिनिअर होतो. चौतीस वर्षं. हे ऐकल्यावर काही जण दुसरा प्रश्न विचारतच नाहीत, नुसते आपल्या डोक्यावरच्या छताकडे बघतात.

पण माझ्या मूर्खपणाचं काय, तो केव्हाही सांगता येईल. साठा भरपूर आहे. मला सांगायचंय ते मेट्रनबाईंबद्दल. त्यांना जाऊन आता दोन वर्षं झाली, आणि अजूनही मी घरातून निघताना गॅस बंद आहे की नाही हे तीनदा बघतो, ते त्यांच्या धाकानं.

त्यांचं नाव ग्रेस साळवे. मूळच्या उमरेडच्या. नागपुरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात परिचारिका म्हणून लागल्या आणि मेट्रन होऊन निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. बुटकी, काटक मूर्ती, पांढरी साडी, खाली कॅनव्हासचे बूट, आणि खांद्याशी पिनेनं उलटं टांगलेलं घड्याळ. वय पंच्याहत्तरच्या पुढं, पण किती पुढं हे विचारायची आमच्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या मंडळीत, कुणाची छाती नव्हती. निम्म्या पॅरिशला लहानपणी त्यांनीच इंजेक्शनं टोचलेली. मोठमोठे निवृत्त अधिकारी त्यांना समोरून येताना पाहून नकळत दंड चोळायचे.

सगळी पॅरिश मेट्रनबाईंना भ्यायची, आणि मेट्रनबाई जगातल्या प्रत्येक गोष्टीला भ्यायच्या.

फिरत्या पंख्याखाली त्या बसत नसत. स्कूटरवर मागे बसल्या की सदरमधलं चर्च येईपर्यंत माझ्या खांद्यावरचा त्यांचा हात जरा म्हणून ढिला पडत नसे, आणि काटा चाळिसापुढं गेला की कानाशी आवाज यायचा, “लोंढे, मी उतरून जाईन हं.” चालत्या गाडीवरून कशा उतरणार होत्या कोण जाणे, पण मी वेग कमी करत असे. पर्समध्ये टॉर्च, सेफ्टी पिना, जखमेवर बांधायच्या गॉजची गुंडाळी, ग्लुकोजची पुडी. कुठंही गेल्या की आधी दारं किती आणि कोणत्या बाजूला उघडतात ते बघणार, मग “जय ख्रिस्त” म्हणणार.

त्या आणि आम्ही मनीषनगरला एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो. त्या तिसऱ्या मजल्यावर, आम्ही पहिल्या. बिल्डिंगला नवी लिफ्ट बसली त्या दिवशी सगळे हौसेनं वरखाली करत होते. मेट्रनबाई जिन्याशी उभ्या. मला म्हणाल्या, “तू इंजिनिअर आहे ना गा? मग तू जा आधी.” त्यांच्या वजनाची बरोबरी व्हावी म्हणून माझ्यासोबत गव्हाचं एक पोतं चढवलं. तीन फेऱ्या करायच्या असा हुकूम. दोन झाल्या. तिसऱ्या फेरीत लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये बंद पडली, दिवा गेला, आणि मी आणि गहू अंधारात.

मला वाटलं, आता “मी म्हणत होते ना” ऐकू येणार. तसं काही नाही. वरच्या फटीतून त्यांचा आवाज आला, अगदी हलका. “लोंढे, बोलत राय.” काय बोलू? “पाढे म्हण.” मी पाढे म्हणायला लागलो. मेकॅनिक यायला पाऊण तास लागला, तेवढा वेळ त्या जिन्यावर बसून होत्या, आणि मी जरा थांबलो की वरून थाप यायची. एकोणिसाच्या पाढ्यात मी शाळेत अडकायचो तिथंच अडकलो. तोही त्यांनी दुरुस्त केला.

बाहेर आल्यावर मी घामाघूम, आणि त्यांचा चेहरा माझ्याहून पांढरा. म्हणाल्या, “वॉर्डात ओरडणाऱ्याचं भेव नसते गा. तो ओरडते म्हणजे आहे. गप्प पडलेल्याकडे आधी धावायचं.”

तर ही अशी बाई, आणि तिचा सगळ्यात जुना पेशंट म्हणजे आमच्या चर्चची डावीकडची भिंत.

आमचं चर्च सदरमध्ये, दुकानांच्या मागच्या गल्लीत आहे. बाहेरून नुसता काळा दगड. आत गेल्यावर डाव्या भिंतीवर माणसाच्या दीडपट उंचीचं एक मोझेक आहे. काचेचे आणि संगमरवराचे नखाएवढे तुकडे चुन्यात एकेक करून बसवलेले. पहिल्या महायुद्धात या पॅरिशमधून गेलेल्या आणि परत न आलेल्या सतरा जणांचं ते स्मारक. खाली इंग्रजीत सतरा नावं. वर गुडघ्यांवर बसलेला एक शिपाई, टोपी जमिनीवर पडलेली, आणि त्याच्या मागे निळ्या पंखांचा देवदूत, शिपायाच्या दंडाला हात लावून उभा. लहानपणी माझी समजूत अशी की देवदूत त्याला इंजेक्शन देतो आहे. मेट्रनबाईंमुळे आमच्या पिढीत ही समजूत सर्रास होती.

दर शनिवारी दुपारी चारला मेट्रनबाई या भिंतीपुढं उभ्या राहायच्या. डॉक्टर छातीवर डावा हात ठेवून त्याच्या बोटावर उजव्या बोटानं ठोकतात ना, अगदी तसं खालपासून हात पोचेल तिथपर्यंत ठोकत जायच्या. कान भिंतीला. चुन्यानं धरून ठेवलेला भाग घट्ट वाजायचा. जिथं मागचा चुना सुटलाय तिथं आवाज बदलायचा, रिकाम्या डब्यासारखा. हॉस्पिटलच्या जुन्या केसपेपरच्या पाठीवर त्यांनी मोझेकची आकृती काढून ठेवली होती. पोकळ जागी पेन्सिलची फुली. इतक्या वर्षांत फुल्या अकरा.

मी हसायचो. म्हणायचो, मेट्रनबाई, भिंतीला न्यूमोनिया होत नाही. त्या म्हणायच्या, “होते. तुझ्या डोक्यालेही ठोकून पाहिलं मी, तिथी पूर्ण पोकळ आहे.”

त्यांची भीती कशाची होती हे मला एका लग्नाच्या वरातीनं कळलं. चर्चसमोरच्या रस्त्यावरून डीजे चालला होता. ते स्पीकर ट्रकवर उभे राहिले की नागपुरात छातीची हाडं थरथरतात. आम्ही चर्चमध्ये खुर्च्या लावत होतो. मेट्रनबाई खुर्ची टाकून बाहेर गेल्या आणि दोन मिनिटांत डीजेवाल्याला मनगटाला धरून आत घेऊन आल्या. धिप्पाड माणूस, गळ्यात साखळी, वैतागलेला. त्या ओरडल्या नाहीत. त्याचा पंजा उघडून भिंतीवर टेकवला आणि म्हणाल्या, “हात ठेव.”

बाहेर त्याचंच गाणं चालू होतं. तो उभा राहिला. मग त्याचा चेहरा बदलला. सुटलेल्या जागेवरचे तुकडे त्याच्या पंजाखाली थरथरत होते. हात न काढता तो म्हणाला, “बाई, हे तं जिवंत आहे.”

“हो ना. अन् तू त्याले हलवून राहिला.”

आवाज बंद करूनच तो गल्लीतून गेला. चौकात जाऊन पुन्हा लावला, पण चौक लांब होता. तो गेल्यावर मी गंमत म्हणून भिंतीवर हात ठेवला. थरथर थांबली होती. हाताला काहीच जाणवलं नाही, आणि मी खुर्च्या मोजायला लागलो.

त्या दिवशी परत येताना त्यांनी मला, स्कूटर तीसवर असताना, एक गोष्ट सांगितली. अठराव्या वर्षी उमरेडहून एसटीनं त्या नागपूरला नर्सिंग शिकायला आल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या हातात एक माणूस गेला. त्या वॉर्डातून पळाल्या. गावी परत जायचं ठरवून चालत सुटल्या, आणि ऊन लागलं म्हणून या चर्चमध्ये शिरल्या. समोर हा शिपाई. शिपायाची चित्रं त्यांनी पाहिली होती, छाती काढलेली, मिशांना पीळ दिलेली. हा तसा नव्हता. याचे डोळे भ्यालेले होते.

“कोणीतरी मुद्दाम एकेक तुकडा शोधून त्याच्या डोळ्यांत भेव बसवलं गा. अन् कोणी त्याले हसलं नाही, उलट चर्चमध्ये लावलं. मी म्हटलं, हा भेलेला माणूस इथी चालते, तं मीही वॉर्डात चालीन.” त्या परत वॉर्डात गेल्या आणि पुढची चाळीस वर्षं तिथंच राहिल्या.

मी प्रामाणिकपणे सांगितलं की मला तो आजवर पेंगुळलेला वाटत आला. उरलेला रस्ता त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

आता ॲसिड.

नोव्हेंबरमध्ये आमच्याकडे स्मरणाचा रविवार असतो. त्या दिवशी सतरा नावं वाचतात आणि मोझेकपुढं फुलं ठेवतात. त्याच्या पंधरा दिवस आधी माझ्या मनात आलं की मेट्रनबाईंना खूश करावं. इतक्या वर्षांची मेणबत्त्यांची काजळी बसून देवदूताचे पाय पिवळे पडले होते. आणि नागपुरात फरशीवर डाग पडला की माणूस डोकं चालवत नाही, ॲसिड आणतो. नवी टाइल बसवली की मिस्त्री ॲसिड मारतो, घर सोडताना भाडेकरू ॲसिड मारतो. माझ्या अख्ख्या नोकरीत मी ठेकेदारांना एकच सूचना न चुकता दिली असेल: शेवटी ॲसिड मारून द्या.

शनिवारी दुपारी अडीच वाजता मी चर्चची किल्ली घेऊन आत गेलो. पास्टरसाहेब प्रार्थनासभेसाठी बाहेरगावी गेले होते. बाटलीवर लिहिलं होतं तितकं पाणी घातलं, स्पंज बुडवला, आणि खालून सुरुवात केली. देवदूताचे पाय, शिपायाचे गुडघे. काजळी अशी निघाली की मी स्वतःशीच गाणं म्हणायला लागलो.

मग फसफस ऐकू आली. लिंबाच्या सरबतात सोडा टाकल्यासारखी. संगमरवर म्हणजे चुन्याचाच भाऊ, आणि ॲसिड चुना खातं, हे मी पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षी पाठ केलं होतं. पाठ केलेलं सगळं त्या क्षणी आठवलं. काठांवरच्या फटींतून पांढरं पाणी यायला लागलं. मी स्पंज टाकून पाण्याची बादली ओतली, तीही अंगातली सगळी अक्कल वापरून थेट फटींवर.

दहा मिनिटं काहीच झालं नाही. मी श्वास सोडला. तेवढ्यात फरशीवर टिक असा आवाज झाला. एक पांढरा तुकडा. मग दुसरा. मग शिपायाच्या गुडघ्यांखालचा दोन हात रुंदीचा भाग भिंतीपासून अलगद पुढं आला, पापड तेलात फुगतो तसा, आणि तिथंच थांबला.

कोणी कधी आपल्या डोळ्यांदेखत भिंत फुगलेली पाहिली असेल तर त्याला कळेल. पळून जावं, किल्ली जागेवर ठेवावी, कोणाला कळणार आहे, असे सगळे विचार येऊन गेले. ते मी लपवणार नाही. दाराकडे चार पावलं टाकलीही होती.

दारात मेट्रनबाई. चार वाजले होते.

त्यांनी एकदा वास घेतला. भिंतीकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलंच नाही. पर्स बाकावर ठेवली आणि म्हणाल्या, “हात लाव. दोन्ही. दाबू नको. दाबशील तं फुटंल, सोडशील तं पडंल. नुसतं धर.”

मी गुडघे टेकले, दोन्ही तळवे पसरून फुगवट्याला लावले. त्यांनी कापसाचे बोळे स्वच्छ पाण्यात बुडवून ते भाजलेल्या माणसाच्या कातडीला लावतात तसे टिपत टिपत ॲसिड काढलं. ओतलं नाही, टिपलं. मग म्हणाल्या, “मी येते. हलू नको,” आणि मागच्या दारानं पास्टरसाहेबांच्या घराकडे गेल्या.

तळव्यांखाली तुकडे सूक्ष्म सरकत होते. मागं कुठेतरी सुटा चुना वाळूसारखा खाली गळत होता. त्याचा आवाज मला ऐकू येत होता, हातातूनही आणि कानांनीही. नाकाला खाज आली. खिशात मोबाईल वाजला, माझी बायको सुनंदा, तिला हवी असलेली कोथिंबीर मी विसरलो होतो. तो वाजला की थरथर भिंतीपर्यंत जाते की काय या भीतीनं मी श्वास धरला. तो सहा वेळा वाजला.

मान वर केली तर शिपाई. मी गुडघ्यांवर, तो गुडघ्यांवर. इतक्या जवळून मी त्याच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या बुबुळांभोवती पांढरा तुकडा पूर्ण गोल फिरवला होता. माणूस नुसता बघत असतो तेव्हा वरचा पांढरा भाग पापणीखाली असतो. याचा सगळा दिसत होता. खालचा ओठ गडद तुकड्याचा, आत ओढलेला. साठ वर्षं मी याला पेंगुळलेला म्हणत होतो. आणि आता तो जर पडला, तर माझ्या हातांवर, माझ्यामुळे, तसाच डोळे उघडे ठेवून पडणार होता.

तासाभरानं मेट्रनबाई मैद्याची खळ शिजवून आणि गार करून घेऊन आल्या. एका हातात पातेलं, दुसऱ्यात गॉज.

“कसं वाटते?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, भीती वाटते.

“किती?”

“खूप.”

“मंग धरता येते तुले,” त्या म्हणाल्या, आणि कामाला लागल्या.

गॉजचे वीतभर तुकडे खळीत बुडवून त्या मोझेकच्या तोंडावर चिकटवत गेल्या. एकावर एक, कडा झाकत, हाड मोडल्यावर घालतात तशी पट्टी. जिथं पट्टी आली तिथलं माझं एकेक बोट सोडवून घ्यायच्या. ज्या हातानं निम्म्या पॅरिशच्या शिरा शोधल्या त्याच हातानं. सहा वाजता शेवटचं बोट सुटलं. शिपायाला कमरेपर्यंत बँडेज. फुगवटा थांबला होता.

चर्चच्या समितीची बैठक दोन दिवसांनी झाली. अध्यक्ष सॅम्युअल वानखेडे वाईट माणूस नाही. त्याचं म्हणणं सरळ होतं: शंभर वर्षं झाली, वस्तूचं वय झालं. खाली म्हाताऱ्या बायका बसतात, एखादीच्या डोक्यात पडलं तर जबाबदार कोण? सगळं उतरवून टाकू आणि काळ्या ग्रॅनाइटची पाटी लावू, नावं मशिननं कोरून. आजकाल बिल्डिंगांना लावतात तशी. चकचकीत, पुसायला सोपी.

मेट्रनबाईंनी केसपेपर टेबलावर पसरला. या अकरा फुल्या जुन्या, वर्षानुवर्षं तेवढ्याच. बाकी भिंत घट्ट. सुटलाय तो फक्त हा खालचा भाग.

“मंग तोच काहून सुटला एकाएकी?” वानखेडेनं विचारलं. “वयच झालं असंल ना बाई?”

त्या आपल्या उलट्या घड्याळाकडे बघत राहिल्या. त्यांना माहीत होतं. त्यांनी एक शब्द उच्चारला असता तर निकाल लागला असता: वय झालं असेल तर सगळंच जाणार, आणि कुणी तरी खराब केलं असेल तर तेवढाच भाग दुरुस्त होणार. पण तो शब्द त्या बोलेनात. मला वाटलं, त्या घड्याळावर त्या माझी नाडी मोजताहेत. भिंत धरताना वाटली नव्हती इतकी भीती मला त्या आठ माणसांची वाटली.

मी उठलो आणि या लेखाचं पहिलं वाक्य बोललो.

वानखेडेनं विचारलं, “पाणी तरी घातलं होतं काय गा?”

घातलं होतं, बाटलीवर लिहिलं होतं तितकं.

“बाटलीवर चर्चचं चित्र होतं?”

त्यानंतर मेट्रनबाई बोलल्या. बसूनच, हळू. म्हणाल्या, “पाटीवर सतरा नावं येतील, चांगली येतील. पण भेव नाही येणार. ते पोरं भेले असतील ना मरताना? ते एवढ्या एकाच जागी लिहून आहे. ते पुसू नका.”

शेवटी ठरलं: थंडी संपेपर्यंत मुदत. एखादा जाणकार येऊन म्हणाला की हे टिकतं, तर राहील. नाहीतर ग्रॅनाइट.

बाहेर आल्यावर मी विचारलं, तुम्ही माझं नाव का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, “पेशंटचं नाव मी कधी बाहेर सांगत नाही.” पायरी उतरताना थांबल्या. “पण तू आज नसता उठला, तं मी नंतर तुझ्या स्कूटरवर नसती बसली.”

स्मरणाच्या रविवारी सतरा नावं बँडेजसमोर वाचली गेली. लहान मुलं आईला विचारत होती, अंकलला काय लागलं? खालची बाकं मेट्रनबाईंनी दोरी बांधून बंद केली होती. त्या दिवसापासून त्या शनिवारऐवजी रोज यायला लागल्या. भिंतीला हात लावायच्या नाहीत, फक्त पुढं उभ्या राहून ऐकायच्या. डिसेंबरात त्यांचं वजन उतरलं. सुनंदा डबा द्यायला गेली तर म्हणाल्या, “जेवण जात नाही वं. मधातच वाटते, आता पडलं असंल.” मला रात्री फोन यायचे: तुझ्या कानात काही आवाज आला का? मनीषनगरात बसून सदरमधल्या भिंतीचा आवाज मला कसा येणार, पण मी खरंच कान देऊन ऐकायचो, आणि मग मलाही झोप यायची नाही.

जानेवारीत जाणकार आल्या. जुन्या भिंतीचित्रांचं काम करणाऱ्या तज्ज्ञ बाई, वयानं माझ्या मुलीएवढ्या. बँडेज पाहून त्यांनी विचारलं, हे कुणी केलं? आम्हाला वाटलं, आता बोलणी बसणार. त्या म्हणाल्या, आम्हीही आधी हेच करतो. मेट्रनबाईंनी नुसती मान हलवली, पण त्या दिवशी घरी जाऊन त्या दोन पोळ्या जेवल्या, असं सुनंदानं सांगितलं.

मग चार दिवस त्या तज्ज्ञ बाई मोझेकच्या फटींतून पातळ चुना मागं भरत होत्या. कशानं? सिरिंजनं. मेट्रनबाई शेजारी स्टुलावर. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या बाईंना सुई धरायचा कोन दुरुस्त करून दाखवला, आणि त्या बाईंनी तो ऐकला.

पाचव्या दिवशी सकाळी पट्टी काढायची होती. कोमट पाण्याच्या स्पंजनं खळ मऊ करायची आणि गॉज सोलायचा. मागचा चुना धरला असेल तर तुकडे भिंतीवर राहतील. नसेल तर गॉजला चिकटून सगळे हातात येतील, आणि मग वानखेडेची पाटी. तज्ज्ञ बाईंनी हे मोकळेपणानं सांगितलं. वानखेडेही आला होता, हाताची घडी घालून.

मेट्रनबाई बाहेर कडुनिंबाखालच्या दगडावर जाऊन बसल्या. मी म्हटलं, आत या. त्या म्हणाल्या, “नातेवाइकांनी ऑपरेशनच्या खोलीत थांबायचं नसते. तू जा. तू नातेवाईक नाही, तू आरोपी आहे.”

आत स्पंज फिरत होता. पहिली पट्टी सुटली तेव्हा तिच्यासोबत एक तुकडा आला. दुसरी पट्टी कोरडी आली. तिसरी, चौथी. शिपायाचा गुडघा दिसला, बूट दिसला, पहिली काही नावं दिसली. वानखेडेनं हाताची घडी कधी सोडली ते त्यालाही कळलं नसावं. शेवटची पट्टी निघाली आणि तज्ज्ञ बाईंनी बोटानं ठोकलं. घट्ट.

मी बाहेर धावलो आणि दगडापुढं जाऊन उभा राहिलो. मेट्रनबाईंनी माझा चेहरा पाहिला, आणि त्यांचा उतरला. मी जोरजोरात मान हलवली, पण हो म्हणून हलवतोय की नाही म्हणून हे माझं मलाच कळत नव्हतं.

“राहिला?” त्यांनी विचारलं.

राहिला.

“अजून भेलेला आहे?”

मी म्हटलं, तसाच आहे.

त्या उठल्या. माझा हात धरला नाही, दाराची चौकट धरून आत आल्या आणि शिपायासमोर उभ्या राहिल्या. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. त्याच महिन्याच्या शेवटी त्या भाचीकडे उमरेडला राहायला गेल्या आणि उन्हाळ्यात तिथंच वारल्या, आणि माझ्या मनात त्यांचं हेच चित्र राहिलं आहे: कॅनव्हासचे बूट जुळवलेले, मान वर, आणि खांद्याशी उलटं घड्याळ.

त्या तशा उभ्या असतानाच तज्ज्ञ बाईंनी घसा साफ केला. म्हणाल्या, एक गोष्ट राहिली. देवदूताच्या डाव्या पायाची दोन बोटं ॲसिडनं गेलीत. तसाच संगमरवर मिळतो, नवी करून बसवता येतील, कुणाला कळणारही नाही. की साधा चुना भरून तेवढी जागा सोडू?

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी घाईघाईनं म्हटलं, नवी बसवा, लगेच बसवा.

मेट्रनबाईंनी पर्समधून टॉर्च काढला, वाकून देवदूताचा पाय नीट पाहिला, आणि टॉर्च बंद केला.

“राहू द्या तसंच,” त्या तज्ज्ञ बाईंना म्हणाल्या. “देवदूताले पंख आहेत, दोन बोटांनी त्याचं काही अडत नाही. या लोंढेले डोकं नाही, त्याले दर रविवारी काहीतरी समोर दिसत राहिलं पाहिजे.”